डर्बी सिटी क्लासिक: ओहायो नदीकाठच्या कॅसिनोत पूल खेळायला जायचं असेल तर

अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या दक्षिण टोकाला एलिझाबेथ नावाचं गाव आहे. वस्ती दोनशेच्या आत. त्या गावाच्या नावाने पत्ता असलेला एक मोठा कॅसिनो ओहायो नदीच्या काठावर एकटाच उभा आहे: सीझर्स सदर्न इंडियाना. आजूबाजूला शेतं, झाडी आणि नदी. जानेवारीच्या अखेरीस साधारण नऊ दिवस तिथे डर्बी सिटी क्लासिक भरते आणि जगातले उत्तमोत्तम पूल खेळाडू त्या आडबाजूच्या जागी येऊन राहतात. पूल म्हणजे बिलियर्ड्सच्या घराण्यातला खेळ: क्यू नावाच्या लांब काठीने व्हाइट बॉल मारून बाकीचे बॉल टेबलाच्या पॉकेटमध्ये घालायचे. नावावरून गोंधळ होऊ देऊ नका. केंटकी डर्बी ही घोड्यांची शर्यत मे महिन्यात पलीकडच्या काठावर लुईव्हिल शहरात होते. त्या शर्यतीमुळे लुईव्हिलला ‘डर्बी सिटी’ म्हणतात आणि स्पर्धेने ते नाव घेतलं. १९९९ साली सुरू झाली तेव्हा ती लुईव्हिलच्याच एका हॉटेलात भरायची. पुढे नदी ओलांडून ती या कॅसिनोत आली.

ही स्पर्धा खुली आहे, आणि हा लेख लिहिण्याचं कारणही तेच. फी भरली की तुमचं नाव त्याच डब्यात पडतं ज्यात जगज्जेत्याचं नाव असतं. फिलिपिन्सचे एफ्रेन रेयेस इथे पाच वेळा ‘मास्टर ऑफ द टेबल’, म्हणजे एकूण विजेते, झाले. ते खेळायचे तेव्हा त्यांच्यासमोर कोण येईल हे फक्त सोडत ठरवायची. एखादा ट्रकचालक, एखादा दंतवैद्य, कोणीही. वानखेडेवर आपण तिकीट काढून आत जाऊ शकतो, पण बॅट घेऊन खेळपट्टीवर जाता येत नाही. इथे जाता येतं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की हरणार हे माहीत असलं तरी निदान एका प्रकारात नाव घाला. नुसतं बघायला जाणार असाल तरी पुढचं बहुतेक सगळं लागू पडेल.

पण एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. या स्पर्धेत खेळण्यापेक्षा वाट बघणं जास्त असतं. सगळी तयारी त्या हिशेबाने करायची.

आधी स्पर्धेची रचना समजून घ्या

तिकिटं काढायच्या आधी हे वाचा, कारण किती दिवस जायचं ते यावर ठरतं.

मुख्य प्रकार तीन. पहिला बँक्स. प्रत्येक बॉल कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) लावूनच पॉकेटमध्ये घालायचा, सरळ मारलेला धरत नाहीत. इथे नऊ बॉलचा रॅक (एकत्र मांडलेले बॉल, म्हणजे एक डाव) लावतात आणि पाच बॉल आधी घालणारा रॅक जिंकतो. दुसरा वन पॉकेट. पंधरा बॉल, पण रॅकच्या बाजूच्या दोन कोपऱ्यांपैकी एक पॉकेट तुमचं आणि दुसरं समोरच्याचं. आपल्या पॉकेटमध्ये आठ बॉल आधी घालणारा जिंकला. तिसरा नाइन बॉल, तो बहुतेकांना माहीत असतो: टेबलावरच्या सगळ्यात लहान आकड्याच्या बॉलला आधी मारायचं आणि नऊ नंबरचा बॉल घालणारा जिंकतो. क्रमही साधारण हाच असतो: सुरुवातीला बँक्स, मग वन पॉकेट, आणि उरलेल्या दिवसांत नाइन बॉल. तिन्ही प्रकारांतल्या कामगिरीचे गुण मिळवून जो पुढे तो ‘मास्टर ऑफ द टेबल’. याशिवाय दहा फुटी टेबलावर निमंत्रितांचं ‘बिगफूट’ टेन बॉल असतं आणि स्ट्रेट पूलमध्ये सलग किती बॉल घालता याचं आव्हान कोपऱ्यात चालू असतं.

आता सोडतीची गंमत. नेहमीच्या स्पर्धेत पहिल्या दिवशी तक्ता लागतो आणि कोण कोणाशी कधी खेळणार ते कळतं. इथे प्रत्येक फेरीनंतर पुन्हा सोडत निघते. आधीच्या फेरीतला शेवटचा सामना संपेपर्यंत पुढची फेरी लागत नाही. बँक्स आणि वन पॉकेटचे सामने कागदावर छोटे दिसतात, तीन रॅक आधी जिंकायचे. पण वन पॉकेटचा एकच रॅक दोन हट्टी खेळाडूंमध्ये तासभर चालू शकतो. खोलीत शेकडो माणसं त्या एका टेबलाकडे बघत बसलेली असतात, कारण ते संपल्याशिवाय कोणाचंच पुढे सरकत नाही.

दुसरा नियम ‘बायबॅक’. पहिल्यांदा हरलात तरी पुन्हा फी भरून परत येता येतं. दुसऱ्यांदा हरलात की तो प्रकार तुमच्यापुरता संपला. म्हणून खर्चाचा अंदाज करताना प्रत्येक प्रकाराची फी दोनदा धरा. पहिल्या हारीनंतर ‘आता परत भरू की नको’ हा विचार रात्री एक वाजता, थकलेल्या डोक्याने करायची वेळ येते, आणि तेव्हा चुकीचे निर्णय होतात. पैसे आधीच बाजूला काढलेले असले की प्रश्न उरत नाही.

नऊही दिवस राहायची गरज नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी वन पॉकेट निवडायला सांगेन. आपल्याकडे जिमखान्यात स्नूकर शिकलेल्या माणसाला सेफ्टीची, म्हणजे समोरच्याला सोपा फटका न ठेवण्याची, सवय असते, आणि वन पॉकेट हा मुळात सेफ्टीचाच खेळ आहे. पुण्यामुंबईच्या पार्लरमध्ये ‘एट बॉल’ हा प्रकार खेळून वाढलेल्यांनी नाइन बॉल घ्यावा. बँक्स हा केंटकी आणि आसपासच्या लोकांचा जीव की प्राण असलेला प्रकार. तिथले साठीपुढचे आजोबा तीन कुशनांचे बँक असे घालतात की आपण हातातली स्टिक खाली ठेवून बघत राहतो. एक दिवस तरी तो बघाच.

व्हिसा आणि पैसे

भारतातून येणाऱ्यांना बी-१/बी-२ व्हिसा लागतो. मुंबईत मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकेच्या वाणिज्य दूतावासात होते. पगार नाही, फक्त स्पर्धेतलं बक्षीस मिळू शकेल, अशा खेळाडूला बी-१ वर खेळता येतं. हे मुलाखतीत लपवू नका. ‘फिरायला चाललोय’ म्हणायचं आणि बॅगेत दोन क्यू निघायचे, असं नको. स्पर्धेची माहिती, परतीचं तिकीट आणि इथल्या नोकरीधंद्याचे कागद सोबत ठेवा. मुलाखतीच्या तारखा लवकर मिळत नाहीत, म्हणून जानेवारीत जायचं असेल तर आदल्या वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज करा.

बक्षीस मिळालंच तर परदेशी खेळाडूच्या रकमेतून साधारणपणे ३० टक्के कर आधीच कापला जातो. कागद जपून ठेवा, पुढे दोन्हीकडच्या विवरणपत्रांना ते लागतात. प्रवेश फी, बायबॅक आणि किरकोळ खर्चासाठी रोख डॉलर जवळ हवेत. १०,००० डॉलरपेक्षा जास्त रोख नेत असाल तर विमानतळावर जाहीर करावी लागते. प्रवासी आरोग्य विमा काढल्याशिवाय निघू नका. बर्फावर घसरून मनगट मोडणं ही तिथली अगदी नेहमीची गोष्ट आहे.

क्यूची तयारी

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण इथेच लोक चुकतात.

पूल क्यू विमानाच्या केबिनमध्ये नेता येत नाही. भारतातही नाही, अमेरिकेतही नाही. तो चेक-इन सामानातच द्यावा लागतो. मधोमध सांधा असलेला नेहमीचा दोन तुकड्यांचा क्यू ३०-३२ इंची केसमध्ये मावतो आणि ती केस मोठ्या सुटकेसमध्ये तिरकी बसते. तिथेच ठेवा. कडक केस हवी, आणि भोवती दोन स्वेटर गुंडाळा. स्नूकरचा तीन-चतुर्थांश सांध्याचा क्यू असेल तर त्याचा एक तुकडा साधारण साडेतीन फुटांचा असतो. तो सुटकेसमध्ये बसत नाही, वेगळा द्यावा लागतो. तो घरीच ठेवा. दुसरं कारण असं की स्नूकरची टिप (क्यूच्या टोकाची चामड्याची चकती) ९-१० मिलिमीटरची आणि पूलची १२ ते १३ची. सव्वादोन इंची जड बॉल त्या बारीक टिपने दिवसभर मारले, आणि वर ब्रेकही (डाव उघडणारा पहिला फटका) त्यानेच केला, तर क्यूची वाट लागते.

हस्तिदंत असलेला क्यू नेऊ नका. जुन्या चांगल्या क्यूंमध्ये फेरूल (टिपखालची कडी) किंवा सांध्यापाशी हस्तिदंत असायचा. परवान्याशिवाय तो सीमेपार नेणं गुन्हा आहे आणि जप्त झालेला क्यू परत मिळत नाही. आजोबांच्या काळातला क्यू असेल तर निघण्यापूर्वी जाणकाराला दाखवून घ्या.

अमेरिकेत ज्या पहिल्या विमानतळावर उतराल तिथे चेक-इन सामान स्वतः पट्ट्यावरून उचलून, कस्टममधून बाहेर काढून पुन्हा पुढच्या विमानासाठी द्यायचं असतं. मुंबईहून लुईव्हिलला थेट विमान नाही, एक-दोन थांबे येतातच. मधला वेळ निदान तीन तासांचा ठेवा. सामान मागे राहिलं तर तुम्ही वेळेवर पोचाल आणि क्यू दोन दिवसांनी येईल. माझ्या एका मित्राचं असंच झालं. त्याने पहिला सामना उसन्या क्यूने खेळला आणि हरला. आता तो स्पर्धेच्या दोन दिवस आधी पोचतो. मीही तेच सांगेन.

थंडीचं काय? जानेवारीत तिथे तापमान शून्याच्या खाली जातं. विमानाच्या पोटातून किंवा गाडीच्या डिकीतून आणलेला क्यू लगेच उघडू नका. केस बंदच ठेवून खोलीत दोन तास पडू द्या. गार लाकडाला एकदम उबदार हवा लागली की त्यावर दमट थर धरतो, शाफ्ट (क्यूचा पुढचा भाग) चिकट होतो आणि वारंवार असं झालं तर वाकतोही. क्यू रात्रभर गाडीत कधीच ठेवू नका. कार्बनचा शाफ्ट वाकत नाही, पण बटचं, म्हणजे मागच्या भागाचं, लाकूड तेच असतं. सोबत दोन जास्तीच्या टिप, आपला चॉक, हातमोजा आणि एक सुती फडकं. हॉलमध्ये क्यूवाल्यांचे गाळे असतात, टिप बसवून मिळते, पण रांग असते.

आडबाजूच्या जागी पोचायचं कसं

लुईव्हिलचा विमानतळ मुहम्मद अली यांच्या नावाचा आहे, ते याच शहरातले. तिथून कॅसिनो सुमारे २५ मैल. नकाशावर बघितलं तर वाटतं, हा काय, नदीच्या पलीकडे. कॅसिनोच्या काठावरून समोर केंटकी दिसतंही. पण तिथे नदीवर पूल नाही. उत्तरेला वर जाऊन आय-६४ महामार्गावरचा शर्मन मिंटन पूल ओलांडायचा, न्यू ऑल्बनीला उतरायचं आणि राज्य रस्ता १११ धरून नदीच्या कडेकडेने खाली यायचं. पूल खेळायला आधी पूल ओलांडावा लागतो, असं आम्ही दर वर्षी गाडीत म्हणतो. या पुलाला टोल नाही. आय-६५ वरून आलात तर नदीवरच्या पुलाला टोल पडतो आणि भाड्याच्या गाडीवर त्याचं बिल मागाहून येतं.

जाताना टॅक्सी मिळते. रात्री दोन वाजता कॅसिनोतून परत जायला मिळेलच असं नाही. म्हणून दोनच मार्ग: कॅसिनोच्याच हॉटेलात राहा किंवा गाडी घ्या. भाड्याच्या गाडीसाठी भारतीय परवाना, आंतरराष्ट्रीय परवाना आणि स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड, तिन्ही जवळ ठेवा. डेबिट कार्डावर अनेक ठिकाणी अडून बसतात.

१११ हा दोन पदरी, वळणांचा, रात्री अंधारा रस्ता आहे. ओहायो नदी फुगली की त्यावर पाणी येतं. १९३७ च्या जानेवारीत या नदीने लुईव्हिलचा मोठा भाग पाण्याखाली घेतला होता, आणि हिवाळ्यातला पूर ही आजही तिथली सर्वांच्या तोंडी असलेली भीती आहे. दुसरं संकट बर्फाचं. भुसभुशीत बर्फ परवडला, पण तिथे बरेचदा पावसाचं पाणी पडताक्षणी गोठतं आणि रस्त्यावर काचेसारखा पारदर्शक थर बसतो. २००९ च्या जानेवारीअखेर अशाच वादळात केंटकीत लाखो घरांची वीज गेली होती. गाडी घेतल्यावर टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका, आणि निघण्यापूर्वी हवामान बघा. अंदाज वाईट असेल तर एक दिवस आधी निघा, पण त्या दिवशी निघू नका.

अमेरिकेतच राहणाऱ्यांसाठी: इंडियानापोलिसहून दोन तास, सिनसिनाटीहून साधारण तेवढेच. आम्ही शिकागोजवळून जातो, पाच तास लागतात आणि वाटेत घड्याळ एक तास पुढे जातं. फोन आपोआप बदलतो, गाडीतलं घड्याळ बदलत नाही. पहिल्या वर्षी मी त्या घड्याळावर विसंबलो आणि नोंदणीची खिडकी बंद झाल्यावर पोचलो. रात्रभर झोप लागली नाही. सुदैवाने मला हवा होता तो प्रकार दोन दिवसांनी होता.

राहायचं कुठे

परवडत असेल तर कॅसिनोच्या हॉटेलातच. सामना कधी लागेल ते कळत नसल्यामुळे वर जाऊन तासभर आडवं होता येणं ही चैन नाही, ती गरज आहे. स्पर्धेसाठीच्या सवलतीच्या खोल्या लवकर संपतात, तारखा जाहीर झाल्या की त्याच आठवड्यात घ्या. तिघाचौघांनी मिळून घेतली तर खर्च बराच कमी होतो.

नाही मिळाली तर न्यू ऑल्बनी किंवा कोरिडन. कोरिडन हे गाव १८१६ ते १८२५ इंडियानाची राजधानी होतं. जुनी चुनखडीची विधानभवनाची इमारत अजून उभी आहे. हरलात आणि दिवस मोकळा मिळाला तर तिथे जाऊन या, गर्दीतून डोकं मोकळं होतं.

कॅसिनोबद्दलही सांगायला हवं. १९९८ साली सुरू झाला तेव्हा तो नदीतल्या प्रचंड बोटीवर होता, कारण इंडियानाच्या कायद्याने कॅसिनो पाण्यातच असायला हवा होता. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या बोटी आठवा, तसंच. पुढे कायदा बदलला आणि २०१९ च्या डिसेंबरमध्ये कॅसिनो काठावरच्या इमारतीत आला. पूलचा हॉल जुगाराच्या मजल्यापासून वेगळा असला तरी येता-जाता तो झगमगाट लागतोच. जुगाराच्या भागात २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, पासपोर्ट खिशात ठेवा. इंडियानातल्या धूम्रपानबंदीतून कॅसिनोंना सूट आहे, त्यामुळे दम्याचा त्रास असणाऱ्यांनी औषध जवळ बाळगावं.

जेवण आणि झोप

शाकाहारी माणसाचं तिथे पिझ्झा, फ्राइज आणि सॅलडवर भागतं, पण चार दिवसांनी ते नकोसं होतं. आम्ही घरून दशम्या, मेथीचे पराठे, चिवडा, तिळाच्या वड्या नेतो (जानेवारीच असतो, संक्रांत नुकतीच झालेली असते) आणि पोह्यांची पाकिटं, ज्यात फक्त गरम पाणी घालायचं. छोटी किटली न्या. भारतातून येणाऱ्यांनी विमानतळावर खाण्याचे पदार्थ जाहीर करावेत. कोरडा फराळ सहसा सोडतात, लपवला तर दंड होतो. लुईव्हिलमध्ये भारतीय वाणसामानाची दुकानं आहेत, येता येता तिथे थांबता येतं.

पाणी भरपूर प्या. हिवाळ्यात बंद इमारतीतली हवा हीटरमुळे इतकी कोरडी होते की ओठ फुटतात. त्याचा खेळावरही परिणाम होतो, त्याबद्दल पुढे.

झोपेचं गणित असं. भारतातून येणाऱ्यांचं शरीर तिथल्या घड्याळापेक्षा साडेदहा तास पुढे असतं. रात्री दोनला सामना लागला तर आपल्या शरीराला दुपारचे साडेबारा वाजलेले असतात, म्हणजे तुम्ही ताजे असता आणि समोरचा डुलत असतो. घात होतो तो दुपारी चारला, कारण तेव्हा घरी रात्रीचे अडीच असतात. पहिले तीन दिवस दुपारी दोन ते पाच झोपून घ्या. सामना त्याच वेळी लागला तर उपाय नाही, पण निदान त्या वेळेत दुसरं कोणतंही काम ठरवू नका.

टेबलाशी ओळख

टेबलं डायमंडची, नऊ फुटी. स्पर्धेचे संस्थापक ग्रेग सलिव्हन हेच या कंपनीचेही संस्थापक, आणि कंपनी जवळच जेफरसनव्हिलला आहे. पॉकेट साधारण साडेचार इंचाचं, आत खोल शेल्फ (तोंडापासून खड्ड्यापर्यंतची सपाट जागा) असलेलं. आपल्याकडच्या पार्लरमध्ये जरा कुशन घासून गेलेला बॉलही आत पडतो. तो इथे दोन्ही जबड्यांना लागून बाहेर उभा राहतो. सवय नसेल तर पहिला दिवस मन खट्टू होतं. घरी सराव करताना पॉकेटच्या दोन्ही बाजूंना थोडी जाडी चिकटवून तोंड अरुंद करा आणि महिनाभर त्यावर खेळा. तिथे जाऊन चकित होण्यापेक्षा ते बरं.

कापड नवं आणि वेगवान असतं. कोरड्या हवेत ते आणखी पळतं. व्हाइट बॉल तुमच्या अंदाजापेक्षा फूटभर पुढे जातो. बॉल स्वच्छ पुसलेले असल्यामुळे एकमेकांवरून घसरतात, त्यामुळे कट (बॉलच्या कडेला लावलेले फटके) पातळ जातात आणि बँकचा कोन थोडा आखूड-लांब होतो. म्हणून पोचल्यावर पहिला तास पॉट करण्यात घालवू नका. व्हाइट एकटा घेऊन लांबीत वरखाली मारा. एक, दोन, तीन लांब्या. वेग हाताला कळला की बाकीचं जमतं. सरावाची टेबलं पहाटे पाच ते आठ रिकामी मिळतात, आणि भारतातून आलेल्या माणसाला तेव्हा जाग आलेली असतेच.

सामन्याचा दिवस

सोडत निघाली की टेबल क्रमांक आणि नावं फलकावर लागतात, ध्वनिक्षेपकावर पुकारतात. आपली नावं पुकारणाऱ्याच्या तोंडी वेगळीच होतात. नोंदणी करताना नाव छोटं आणि स्पष्ट लिहा, आणि पुकारणाऱ्याला एकदा जाऊन उच्चार सांगा. मजेत ऐकून घेतात. पुकारल्यावर ठरावीक वेळेत टेबलापाशी नसाल तर सामना जातो. जेवायला जाण्याआधी फेरीत किती सामने बाकी आहेत ते बघा. दहाच्या वर बाकी असतील तर वर जाऊन झोपा, तीन उरले असतील तर हॉलमध्येच थांबा.

समोर मोठं नाव आलं तर? येतं. अशा वेळी रॅक हरायची घाई होते, लाजेने माणूस भराभर मारतो. तसं करू नका. तुम्ही त्यांच्याइतकीच फी भरली आहे. प्रत्येक शॉटला आपला नेहमीचा वेळ घ्या, चॉक लावा, सेफ्टी दिसली तर खेळा. सामना संपल्यावर हात मिळवा आणि एकच प्रश्न विचारा: अमुक ठिकाणी मी काय करायला हवं होतं? बहुतेक खेळाडू मनापासून सांगतात, काही तर बॉल पुन्हा मांडून दाखवतात. वन पॉकेटमध्ये पहिला ब्रेक कुठे आणि किती जाड लावायचा, हे मला असंच टेबलावर उभ्या उभ्या शिकायला मिळालं. घरी दोन वर्षं व्हिडिओ बघून ते कळलं नव्हतं.

प्रेक्षक म्हणून

जवळची खुर्ची हवी असेल तर आधीच्या सामन्याच्या शेवटी जाऊन बसा. खेळाडू वाकलेला असताना त्याच्या नजरेच्या रेषेत चालू नका, खुर्चीवर चुळबुळही नको. फ्लॅश अजिबात नाही. फोन बंद. आणि मुख्य टेबलापाशीच अडकून राहू नका. मागच्या रांगेत, जिथे कॅमेरे नाहीत, तिथे दोन अनोळखी म्हाताऱ्यांचा वन पॉकेटचा सामना अनेकदा सगळ्यात सुंदर असतो. सेफ्टीवर सेफ्टी, वीस मिनिटं एकही बॉल पडत नाही, आणि मग एका चुकीवर सगळं उलटतं. दोन्ही पॉकेटवर नजर ठेवायला शिका: कोणाच्या बाजूला जास्त बॉल सरकताहेत, ते बघितलं की खेळ उलगडतो.

रात्री उशिरा पैशांचे सामनेही रंगतात. कोणाला किती बॉलची सूट, कोणाला ब्रेक, यावर तासभर घासाघीस चालते. ते ऐकणं हा पूलचं मानसशास्त्र शिकण्याचा उत्तम वर्ग आहे. पण त्यात उतरू नका. तिथे तुमच्याशी गोड बोलून ‘मी काही खास खेळत नाही’ म्हणणारा माणूस तुमचा सराव पहाटे बघून गेलेला असतो. परदेशात, पाहुण्या व्हिसावर, रोख पैशांच्या वादात सापडलात तर सोबत कोणी नसतं. बाजूला पैजा लावू नका आणि कोणाला उधार देऊ नका.

परतताना

परतीचं तिकीट तुमचा प्रकार संपण्याच्या दिवसाचं काढू नका. दुसऱ्या दिवशी दुपारचं काढा. रात्री तीनला शेवटचा सामना संपल्यावर पहाटे सहाच्या विमानासाठी गोठलेल्या १११ वरून निघणं धोक्याचं आहे. तिथल्या गाळ्यांवरून नवा क्यू घेतलात तर पावती जपून ठेवा, मायदेशी कस्टममध्ये ती मागतात. जुना क्यू भारतातूनच नेला होता हे दाखवायला निघतानाचा त्याचा एक फोटो फोनमध्ये असू द्या.

माझ्याजवळ एक छोटी वही आहे. त्यात मी हरलेले सगळे सामने लिहिलेत: कोणाशी, किती रॅक, आणि समोरच्याने शेवटी काय सांगितलं. पुण्यात विल्सन जोन्स जन्मले. १९५८ साली ते हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले आणि आमच्या क्लबातले जुने मेंबर त्यांच्या गोष्टी सांगायचे. त्यांनी कसा वेळ घेतला, कसा व्हाइट मुठीत ठेवला. त्या गोष्टी ऐकत मी क्यू धरायला शिकलो. या जानेवारीतही वहीची दोन पानं रिकामी ठेवली आहेत. खोलीचं आरक्षण झालं आहे, टिप बदलायची राहिली आहे.